पिकअपचा कनेक्टिंग रॉड घेण्यापूर्वी

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या सदरात दर वेळी लागण, खत, पाणी आणि कीड यांवर लिहितो. या अंकात इंजिनातल्या एका पोलादी दांड्याविषयी लिहायचे ठरवले आहे, आणि त्याचे कारण शेतकीतलेच आहे. आपल्या कार्यक्षेत्रात बेण्याची ने-आण, रोपवाटिकेतली रोपे, खताची पोती, ठिबकचे पाईप, दुधाचे कॅन हे बरेचसे आता पिकअपवर चालते. तोडलेले बेणे शक्यतो चोवीस तासांत मातीखाली गेले पाहिजे असे आम्ही नेहमी सांगतो. पण आडसाली लागणीच्या ऐन घाईत इंजिन रस्त्यात बसले, तर दोन एकरांचे बेणे ताडपत्रीखाली वाळत पडते. सऱ्या सोडलेल्या, पाण्याची पाळी आलेली, माणसे बांधावर बसलेली, आणि गाडी गॅरेजच्या दारात. मग घाईत जो भाग मिळेल तो घेतला जातो, आणि तिथेच पुढच्या खर्चाची लागण होते.

गेल्या हंगामात आपल्याच एका सभासदाच्या गाडीचा कनेक्टिंग रॉड तुटला. मिस्त्रीने तालुक्याहून “याच गाडीचा आहे” म्हणून रॉड आणला, तिसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर, सगळे खूश. दीड महिन्यात त्याच सिलिंडरचा रॉड पुन्हा गेला, आणि या वेळी ब्लॉकची कूस फोडून बाहेर आला. पहिल्यांदा रॉड, शेल, क्रँक ग्राइंडिंग आणि मजुरी एवढ्यात भागले होते. दुसऱ्यांदा ब्लॉक गेला, क्रँक गेला, पिस्टन गेला. सोसायटीची कपात वजा जाता उसाच्या बिलातून हातात काय राहते ते आपण जाणताच. त्यातून एका वर्षात दोनदा इंजिन उतरवणे कोणाला झेपणार?

दुसरा रॉड खराब होता असे सगळ्यांना वाटले. तो खराब नव्हता. काय झाले होते ते पुढे सांगतो. आधी या दांड्याचे काम काय ते पाहू.

हा दांडा काय सोसतो

सायकल चालवताना मांडी वर-खाली होते आणि पायडल गोल फिरते. मधली नडगी या दोघांना जोडते. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो, क्रँक गोल फिरतो, आणि नडगीचे काम कनेक्टिंग रॉड करतो. त्याच्या लहान तोंडात बुश आणि गजन पिन असते, मोठ्या तोंडात दोन अर्धगोल शेल बेअरिंगे. मोठे तोंड दोन भागांचे असते. खालच्या भागाला आपले मिस्त्री कॅप म्हणतात, ती दोन बोल्टांनी आवळलेली असते.

महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये जे २५२३ सीसीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन येते, ते उदाहरणाला घेऊ, कारण आपल्याकडे या गाड्या पुष्कळ आहेत. त्याचा बोअर ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. मिनिटाला ३००० फेरे धरले तर पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर आणि पन्नास वेळा खाली जातो. म्हणजे सेकंदाला सरासरी दहा मीटरची धाव. पिस्टनच्या डोक्याचे क्षेत्रफळ ६२ चौरस सेंटिमीटर भरते. डिझेल पेटल्यावर दर चौरस सेंटिमीटरला फक्त शंभर किलोचा दाब धरला, तरी रॉडवर सहा टनांचा भार येतो. दोन-दोन टन उसाच्या तीन बैलगाड्या त्या एका दांड्यावर उभ्या केल्या असे समजा. आणि हे एकदा नव्हे, त्या एका सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा.

दाबाचे एवढे आहे, ओढीचेही कमी नाही. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, तेव्हा रॉडला त्याला खेचून खाली आणावे लागते. पिस्टन, रिंगा, पिन मिळून एक किलो धरले तर त्या क्षणी सहाशे किलोंहून जास्त ओढ बसते. ही ओढ शेवटी कॅपच्या दोन बोल्टांवर येते. पुष्कळदा “रॉड तुटला” असे आपण म्हणतो तेव्हा आधी बोल्ट गेलेला असतो.

म्हणून हा भाग साधारणपणे पोलाद तापवून, साच्यात ठोकून घडवतात. ठोकल्यामुळे धातूचा कण दांड्याच्या लांबीने जातो, जसा लाकडाचा रेषा उभा ठेवून कुदळीचा दांडा करतात. आडव्या रेषेचा दांडा दोन घावांत मोडतो हे शेतकऱ्याला सांगायला नको.

तुटला का, हे आधी

रॉड स्वतःहून म्हातारा होऊन मरतो असे क्वचित होते. त्याला कोणीतरी मारलेले असते. तो मारणारा इंजिनात तसाच राहिला तर नवा रॉडही त्याच वाटेने जातो.

पहिला संशय ऑइलवर. मोठ्या तोंडातले शेल आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा पातळ पडदा असतो, त्यावर सगळे तरंगते. ऑइल कमी पडले, डिझेल मिसळून पातळ झाले, फिल्टर चोंदला, पंप झिजला, की पडदा फाटतो. शेल तापते, घासते, क्रँकला चिकटून त्याच्याबरोबर फिरू लागते, आणि मग खट-खट असा आवाज सुरू होतो. तो आवाज ऐकला की गाडी जागेवर बंद करावी आणि टो करून आणावी. “गावापर्यंत जाईल हो” म्हणून रेटलेली गाडी गावापर्यंत जातेही, पण शेलच्या किमतीचे काम ब्लॉकच्या किमतीचे होऊन जाते. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा उतारावर किंवा वळणावर लुकलुकतो त्याकडे आपल्या चालकांचे लक्ष नसते. काहींनी तो बल्बच काढून टाकलेला पाहिला आहे, डोळ्यांवर येतो म्हणून!

वर सांगितलेल्या सभासदाच्या गाडीत हेच झाले. पहिल्या वेळी शेल वितळले, त्याचा चुरा क्रँकच्या आतल्या ऑइलच्या भोकांत जाऊन बसला. मिस्त्रीने क्रँक बाहेरून पुसला, ग्राइंडिंग करून आणला, नवा रॉड चढवला; पण भोके साफ केली नाहीत, ऑइल कूलर उघडला नाही. नव्या रॉडला पहिल्या दिवसापासून अर्धपोटी ऑइल मिळत होते. दीड महिना टिकला हेच विशेष. तेव्हा रॉड गेलेल्या इंजिनाचा क्रँक धुताना त्याची ऑइलची भोके तार आणि हवेच्या दाबाने आरपार साफ करून घ्या, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत करून घ्या. कूलर नीट साफ होण्यासारखा नसेल तर बदला.

दुसरे कारण पाणी. आपल्या नदीकाठच्या सभासदांनी हे विशेष ध्यान देऊन वाचावे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडच्या किती गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या ते सर्वांनी पाहिले आहे. पाणी उतरले, गाडी पुसली, किल्ली मारली. इथेच घात होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वरच्या २५२३ सीसी इंजिनाचा एक सिलिंडर ६३० सीसीचा. अठरा पट दाब धरला तर पिस्टन अगदी वर गेल्यावर जागा उरते सुमारे ३७ सीसी. अर्धा कप चहासुद्धा त्यात मावत नाही. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टन वर जाऊच शकत नाही, आणि क्रँक तर ढकलत असतो. मग बिचारा रॉड वाकतो.

यातली वाईट गोष्ट ही, की थोडा वाकलेला रॉड लगेच तुटत नाही. गाडी सुरू होते, थोडा धूर जास्त, थोडी ताकद कमी, पण चालते. महिने जातात. वाक्याच्या जागी बारीक चीर पडत राहते, पिस्टन तिरका घासत राहतो, आणि एक दिवस भर उन्हाळ्यात, पाऊस-पूर कुणाच्या मनातही नसताना, रॉड बाहेर येतो. मालक म्हणतो, परवाच सर्व्हिसिंग केले होते.

पाण्यात उभी राहिलेली किंवा ओढ्यातून जाताना बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून बघू नये, ढकलून तर मुळीच नाही. एअर फिल्टर ओला आहे का पाहावे. ओला असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे, ऑइल बदलावे. शंका असेल तर हेड उतरवून चारही पिस्टन एकेक करून पुरते वर आणावेत आणि ब्लॉकच्या माथ्यापासून त्यांची उंची मोजावी. एखादा पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली राहत असेल तर त्याचा रॉड आखूड झालेला आहे, म्हणजे वाकलेला आहे. या परीक्षेला डायल गेज आणि अर्धा तास लागतो. विम्याचेही जाता जाता पाहून ठेवा: पाण्याने इंजिन गेले तर नेहमीच्या पॉलिसीत ते बहुधा बसत नाही, त्यासाठी वेगळे कलम जोडून घ्यावे लागते.

बाकी कारणे थोडक्यात. इंजेक्टर गळून एका सिलिंडरमध्ये जादा डिझेल पडणे, पिस्टन जाम होणे, उतारावर खालचा गिअर टाकून इंजिन नको तितके पळवणे, आणि मागच्या दुरुस्तीत बोल्ट चुकीचा आवळलेला असणे. जादा भाराविषयी काय लिहू? दीड टनाच्या गाडीत तीन टन भरून घाट चढवणाऱ्याला कनेक्टिंग रॉडचे व्याख्यान देऊन उपयोग नाही.

गाडीच्या नावाने रॉड मागू नका

दुकानात जाऊन “बोलेरोचा रॉड द्या” म्हणणे म्हणजे कृषी सेवा केंद्रात जाऊन “किडीचे औषध द्या” म्हणण्यासारखे आहे. दुकानदार काहीतरी देईलच. प्रवासी बोलेरोत आता तीन सिलिंडरचे १४९३ सीसी इंजिन येते आणि पिकअपमध्ये चार सिलिंडरचे २५२३ सीसी. नाव एक, पोट वेगळे. पिकअपमध्येसुद्धा जुन्या गाड्यांना साधा डिझेल पंप आणि नंतरच्यांना कॉमन रेल. देशभर बीएस ४ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस ६ एप्रिल २०२० पासून लागू झाले, त्या त्या वेळी इंजिनांत फेरफार झाले. टाटाच्या २०७ पिकअपचे इंजिन ४९७ या नावाने ओळखतात. त्यातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ म्हणजे ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १०० मिलिमीटर, गुणाकार करून पाहा, २९५६ सीसी येतात. टाटा एसचे मूळ डिझेल इंजिन ७०२ सीसीचे, दोनच सिलिंडरचे. अशोक लेलँड दोस्तचे तीन सिलिंडरचे.

तेव्हा आधी इंजिन नंबर आणि चेसिस नंबर. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. तेल-माती डिझेलने पुसून त्याचा मोबाइलवर फोटो काढा. आरसी बुकातला नंबर त्याच्याशी जुळतो का तेही पाहा. जुनी गाडी घेतलेल्यांनी तर जरूर पाहावे, कारण आधीच्या मालकाने इंजिनच बदललेले असले तर आरसीवरून मागवलेला रॉड बसायचा नाही. (इंजिन बदलले असेल तर आर. टी. ओ.कडे त्याची नोंद व्हायला हवी, हा वेगळा मुद्दा.) हे दोन नंबर कंपनीच्या अधिकृत पार्ट काउंटरवर दिले की त्यांच्या यादीतून त्या इंजिनाच्या रॉडचा पार्ट नंबर निघतो. माल तिथे घ्या अगर न घ्या, पार्ट नंबर मात्र तिथून लिहून आणा. पुढचा सगळा व्यवहार त्या नंबरावर करायचा.

मग जुना रॉड हातात घेऊन लेथवाल्याकडे मापे घ्यावीत. पाहायच्या गोष्टी अशा: दोन तोंडांच्या मध्यांमधले अंतर, मोठ्या तोंडाचा व्यास शेल काढून आणि कॅप ठरलेल्या मापाने आवळून, लहान तोंडाचा व्यास बुशसह, आणि मोठ्या तोंडाची जाडी. जो रॉड तुटला त्याची मापे घेऊ नका, तो वाकून-ताणून गेलेला असतो. शेजारच्या धडधाकट सिलिंडरचा घ्या. या मापांसाठी साधी पट्टी चालत नाही. आतल्या व्यासाचे मायक्रोमीटर किंवा बोअर गेज लागते, ते क्रँक ग्राइंडिंगच्या दुकानात असतेच.

इथे एक गैरसमज दूर करतो. ८८.९ आणि १०१.६ मिलिमीटर म्हणजे नेमके साडेतीन आणि चार इंच. जुन्या जाणत्या मिस्त्रींना ही मापे ओळखीची वाटतील, कारण इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या १५४ घनइंची ट्रॅक्टर इंजिनाची मापे हीच होती, आणि महिंद्राने ट्रॅक्टरचा धंदा १९६३ साली त्याच इंटरनॅशनलबरोबर भागीदारीत सुरू केला होता. यावरून “ट्रॅक्टरचा रॉड पिकअपला चालतंय की” असा तर्क कानावर येतो. बोअर आणि स्ट्रोक सारखे असले म्हणून रॉडची लांबी, पिनचा व्यास, जाडी आणि पोलादाचा दर्जा सारखा ठरत नाही. ट्रॅक्टरचे साधे इंजिन संथ फिरते, पिकअपला टर्बो आहे, आतला दाब जास्त आहे. को ८६०३२ आणि को २६५ दोन्ही उसच, पण म्हणून एकाचे वेळापत्रक दुसऱ्याला लावत नाही ना आपण?

माल कुठून घ्यावा

सर्वांत सरळ मार्ग अधिकृत विक्रेत्याचा. किंमत जास्त, कधी आठ-पंधरा दिवस वाट पाहावी लागते, पण नंबराला नंबर मिळतो. माझे मत विचाराल तर कॉमन रेल, टर्बोच्या गाडीला रॉड, रॉडचे बोल्ट आणि शेल या तीन वस्तूंत काटकसर करू नये. काटकसर करायला आरसे, बॉडी, सीटकव्हर आहेत.

दुसरा मार्ग, नावाजलेल्या भाग-उत्पादकांचा बाजारातला माल. वाहन कंपन्या सगळे भाग स्वतः बनवत नाहीत, घडाईचे भाग पुष्कळदा बाहेरून घेतात. आपल्या राज्यात पुण्याजवळ मुंढव्याची भारत फोर्ज, १९६१ सालची, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडसारख्या घडाईच्या मालासाठी जगभर माहीत आहे. गुजरातेत राजकोट हे डिझेल इंजिनांचे आणि त्यांच्या भागांचे जुने ठाणे. तिथून येणारा माल सगळा एका दर्जाचा नसतो. चांगला कारखानदारही तिथे आहे आणि नुसता डबा छापणाराही. दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून येणाऱ्या मालाचेही तसेच. डब्यावर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, पार्ट नंबर, छापील किंमत आणि तयार झाल्याचा महिना नसेल तर तो डबा खाली ठेवावा. नामांकित कंपनीचे नाव एका अक्षराच्या फरकाने लिहिलेले असेल तर दुकानच सोडावे.

तिसरा मार्ग जुन्या भागांचा. मुंबईत कुर्ल्याला आणि मोठ्या शहरांतून मोडीत काढलेल्या गाड्यांचे भाग मिळतात. दार, बंपर, गिअरबॉक्सचे झाकण तिथून आणायला हरकत नाही. रॉडचे मात्र तसे नाही. पोलादाला थकवा येतो. लाखो किलोमीटर ओढ-दाब सोसलेल्या रॉडच्या पोटात केसाहून बारीक चीर असू शकते, आणि तो ज्या गाडीतून निघाला ती गाडी का मोडीत गेली हे आपल्याला ठाऊक नसते. कदाचित पुरातलीच असेल. नाइलाजाने घ्यावाच लागला, तर तीन परीक्षा झाल्याशिवाय बसवू नका: जिगवर लावून वाक आणि पीळ, चुंबकीय भुकटीने किंवा रंगद्रव्याने चीर, आणि मोठे तोंड गोल आहे का. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात इंजिनकामाची जुनी, हुशार माणसे आहेत. आपल्या भागातही क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे रॉडचा जिग बहुधा असतो. माठ घेताना टिचकी मारून पाहतो तसा रॉड तारेला टांगून हातोडीने हलके ठोकायची जुनी पद्धत आहे. खणखणीत वाजला तर बरे, बद्द वाजला तर टाकून द्यावा. पण खणखणीत वाजला म्हणजे चीर नाही, असे मात्र धरू नये.

वाकलेला रॉड प्रेसखाली सरळ करून देतो असे कोणी म्हणाले तर नमस्कार करून परत यावे. सरळ दिसेल, पण जिथे एकदा वाकला तिथे तो कमजोर झालेलाच असतो.

दोन सिलिंडरचे काम बिघडले असेल, क्रँकही शेवटच्या मापापर्यंत घासून झाला असेल, तर सुटे भाग जमवत बसण्यापेक्षा हाफ इंजिन, म्हणजे क्रँक-रॉड-पिस्टन बसवलेला ब्लॉक, किती रुपयांत पडतो ते विचारून पाहावे. पुष्कळदा हिशेब जवळ-जवळच येतो, आणि बेण्याची गाडी आठवडाभर आधी रस्त्यावर येते.

हातात घेतल्यावर

रॉड आणि त्याची कॅप यांवर एकच खूण किंवा नंबर ठोकलेला असतो. दोन वेगळ्या रॉडांचे तुकडे एका डब्यात भरलेले असतील तर खुणा जुळत नाहीत. नव्या धाटणीच्या अनेक इंजिनांत मोठे तोंड आधी अखंड बनवतात आणि मग मुद्दाम फोडून दोन भाग करतात. फुटलेली खडबडीत बाजू एकमेकांत अशी बसते, की सांधा दिसत नाही. अशा रॉडच्या सांध्याला कानस किंवा पॉलिश पेपर लावणे म्हणजे तो रॉड भंगारात घालणे. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीने “किती रफ काम केलंय कंपनीनं” म्हणत तो सांधा गुळगुळीत करून दिला होता!

वजनही पाहा. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नवा रॉड आणि इंजिनातले बाकीचे तीन एकामागून एक ठेवा, सगळे सारख्याच स्थितीत, म्हणजे शेल काढून, बोल्ट-कॅपसह. किती ग्रॅमचा फरक चालतो ते त्या इंजिनाच्या पुस्तकात असते. वीस-तीस ग्रॅमचा फरक दिसला तर तो रॉड त्या इंजिनाचा नाही असे समजायला हरकत नाही. एकच रॉड गेला आणि बाकीचे तीन जिगवर सरळ, बिनचिरेचे निघाले, तर चारही बदलण्याची सक्ती मी करणार नाही. पाणी शिरले असेल किंवा इंजिन खूप चाललेले असेल, तर जुळवलेला चारचा संच घेणे शहाणपणाचे.

बोल्ट मात्र नेहमी नवे. आताच्या पुष्कळ इंजिनांचे बोल्ट आवळताना मुद्दाम थोडे ताणले जातात. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा ती पकड देत नाही. शेलही नवे, आणि क्रँकच्या मापाचे. क्रँक पाव मिलिमीटर घासला असेल तर शेल पाव मिलिमीटर अंडरसाइझचे, अर्धा घासला तर अर्ध्याचे. शेलखाली कागद किंवा पत्र्याची पट्टी घालून माप जमवणारे अजून आहेत. त्यांच्यापासून देव राखो.

पक्के बिल घ्या. वाहनांच्या सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के झाला, त्याआधी इंजिनाच्या भागांवर २८ होता. “बिल नको असेल तर कमी करतो” या बोलण्यात आता पूर्वीइतका फायदाही राहिलेला नाही. बिलावर पार्ट नंबर आणि बनवणाऱ्याचे नाव लिहून घ्या; नुसते “रॉड १ नग” असे नको. माल बनावट निघाला तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. धंद्याच्या वस्तूला हा कायदा लागू नाही असे दुकानदार म्हणेल, पण स्वतःच्या मेहनतीने पोट भरण्यासाठी वापरलेल्या वस्तूला त्यात सूट आहे. स्वतः गाडी चालवून उपजीविका करणारा सभासद त्यात येतो. कागद नसेल तर मात्र कोणता आयोग काय करणार?

बसवताना मिस्त्रीच्या हातात टॉर्क पाना आहे का ते बघा. कॅपचे बोल्ट किती आवळायचे हे आकड्यात ठरलेले असते, काही इंजिनांत आवळून झाल्यावर आणखी ठरावीक अंश फिरवायचे असते. पान्याला पाईप लावून “बस्स, आता हलत नाही” हे माप नव्हे. रॉडवरची पुढची खूण पुढेच आली पाहिजे. बोल्ट आवळल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघावा. कुठे अडला तर तिथेच थांबावे. सुरू करण्याआधी इंजेक्टरचे कनेक्शन काढून स्टार्टरने थोडे थोडे फिरवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत वाट पाहावी, म्हणजे कोरड्या शेलवर पहिला स्फोट बसत नाही.

पहिले हजार किलोमीटर अर्ध्या भाराने, मध्यम वेगाने. पाचशेच्या सुमारास ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेला फिल्टर फेकू नका. पत्रा कापून आतला कागद उलगडा आणि उन्हात धरून बघा. थोडी काळी घाण चालते. चंदेरी किंवा तांबूस चकाकी दिसली, तर बेण्याची फेरी दुसऱ्या गाडीला सांगा आणि त्याच दिवशी ऑइल पॅन उतरवा.